फुगा लगेच बुजत नाही

आईचा डावा डोळा बाहेरच्या बाजूला वळेनासा झाला आणि तिला एकाच्या जागी दोन दिसायला लागलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून थेट एमआरआयला पाठवलं. मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या धमनीला, डोळ्याच्या मागे कॅव्हर्नस म्हणतात त्या भागात, फुगा आला होता. असा फुगा २५ मिलिमीटरच्या पुढे गेला की त्याला ‘जायंट’ म्हणतात. हा प्रकार दुर्मीळ, आईचा त्यातलाच. डोळा बाहेर वळवणारी नस त्याच्याखाली दबली होती.

कवटी उघडून क्लिप लावायची पद्धत वॉल्टर डँडी यांनी १९३७ साली सुरू केली. पण कवटीच्या तळाशी, नसांच्या एवढ्या दाटीत क्लिप पोचवणं महाकठीण. फुग्यात प्लॅटिनमच्या कॉइल भरायचं तंत्र १९९०पासूनचं. इथे फुग्याचं तोंड इतकं रुंद, की त्या आत टिकणं अवघड, आणि नसेवरचा दाबही तसाच राहण्याची भीती. म्हणून फ्लो डायव्हर्टर ठरला. बारीक तारांची घट्ट विणलेली जाळीची नळी जांघेतल्या धमनीतून वर न्यायची आणि फुग्याच्या तोंडापुढे धमनीतच उघडायची.

काम झाल्यावर डॉक्टरांनी आम्हा भावंडांना आत बोलावून स्क्रीन दाखवला. आधीच्या चित्रात धमनीत सोडलेला डाय जोरात फुग्यात घुसून गरगरत होता. नंतरच्या चित्रात धमनी धुऊन मोकळी झाली तरी फुग्याच्या तळाशी काळा डाय तसाच थांबलेला. “हेच हवं होतं,” ते म्हणाले. “आता आतलं रक्त हळूहळू गोठेल, जाळीवर धमनीचं अस्तर चढेल. ते आईंचं शरीर करेल. गोळ्या चुकू न देणं तुमच्याकडे.”

खरा कस तिथून लागला. अस्तर चढेपर्यंत ती जाळी रक्तात उघडी असते. तिच्यावर गुठळी धरली तर पक्षाघात. म्हणून अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल आधीपासूनच सुरू केल्या होत्या, क्लोपिडोग्रेल लागू पडतेय का हेही रक्त तपासून पाहिलं होतं. घरी आल्यावर जो तो म्हणे, “ऑपरेशन झालं ना, मग रक्त पातळ करायच्या गोळ्या कशाला?” आईच्या हातांवर काळेनिळे डाग उठायचे, ते बघून तीही कुरकुरायची. मधे डोकं ठणकलं, दोन दिसणं वाढलं. फुगा आतून गोठताना असं होऊ शकतं हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. थोडे दिवस स्टेरॉइड दिलं, उतरलं. मग दाढ दुखायला लागली. “काढायची तर गोळ्या थांबवाव्या लागतील,” असं दातांच्या दवाखान्यात ऐकल्याबरोबर मी तिथूनच न्यूरोच्या डॉक्टरांना फोन लावला. “एकही गोळी बंद नाही. दाढ थांबू दे.” आईला ते पटलं नाही, पण तिने ऐकलं. या आजारात घरच्यांनी एवढं तरी हट्टानं धरून ठेवलंच पाहिजे.

सहा महिन्यांच्या अँजिओग्राफीत फुगा बहुतेक बुजलेला दिसला. डोळाही बराचसा वळतो. एक बारीक कोपरा अजून भरायचा आहे. क्लोपिडोग्रेल नंतर डॉक्टरांनीच बंद केली, दाढही काढून झाली. अ‍ॅस्पिरिन चालू आहे.