प्रसेनजिताच्या गावी चार घास

२०२४ च्या फेब्रुवारीत वस्तीतील एकवीस उपासक-उपासिकांसोबत आम्ही सपत्नीक श्रावस्तीला जाऊन आलो. धम्मसहलीचे वर्णन पुढे येईलच. पण या प्रवासात आमचे एक घरगुती दुखणेही सोबत होते. ते सांगितल्याशिवाय श्रावस्ती सांगता येणार नाही.

त्याआधी आठ महिन्यांपूर्वी आमची वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झाली होती. वजन १३२ किलो, जोडीला मधुमेह. पतपेढीचे कर्ज काढले. या शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे पाऊण भाग काढून टाकतात. उरते ती केळ्याएवढी नळी. भूक चाळवणारा रस मुख्यतः त्या काढलेल्या भागातच तयार होतो, म्हणून भूकही मंदावते. आधी काही आठवडे पातळ, मग मऊ, मग घरचे जेवण, तेही चार-पाच चमचे. जेवताना पाणी नाही, ते अर्ध्या तासाने. आधी डाळ, अंडे, मासा. जागा उरली तर भात. जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभर. हे सारे डॉक्टरांनी समजावले होते. मनाचे काय होईल, ते मात्र आमचे आम्हालाच कळले.

१९८२ च्या संपात वडिलांची गिरणी सुटली, तेव्हा आम्ही पाच वर्षांचे होतो. एका भाकरीचे चार तुकडे होत. ताटात कण टाकायचा नाही, ही आईची शिकवण. पुढे बी.कॉम. झालो, कारकुनी मिळाली आणि ताट भरले. भरलेले ताट ही आमच्या लेखी उपासमार संपल्याची पावती होती. पगार झाला की मटण, साहेब बोलले की वडापाव, कुणी गेले तरी जेवणच. पोट लहान झाले आणि दुःखात जायचे ठिकाणच गेले.

कुर्ला टर्मिनसहून गोरखपूरकडची गाडी धरली. कल्याण सुटते न सुटते तोच डबे उघडले. बाजरीच्या भाकऱ्या, ठेचा, बोंबलाची चटणी, उकडलेली अंडी, शंकरपाळे. "भाऊ, घ्या की!" असा चहूकडून आग्रह. आम्ही अर्धे अंडे घेऊन थांबलो. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "पैसे भरून उपास विकत घेतला म्हणायचा!" सारे हसले, आम्हीही हसलो आणि कसाऱ्याचा घाट येईतो दारापाशी जाऊन उभे राहिलो.

रात्री भुसावळला आम्ही गुपचूप उतरून भजी घेतली. फलाटावरच उभ्याउभ्या, घाईघाईने तीन खाल्ली. घास छातीत अडकला. गाडीत येऊन बेसिनवर ओकत राहिलो. पत्नी पाठीवर हात फिरवीत होती आणि रडत होती. म्हणाली, "अहो, मी मऊ करून देते ते दोन घास ठेवता, आणि इथे चोरून खाता? वीस वर्षं माझ्या हातचं वाखाणलंत. आता मी काय करू?" तिचेही काहीतरी हरवले आहे, हे आम्हाला त्या रात्री प्रथम समजले.

गोंड्याला उतरून बसने बलरामपूरमार्गे श्रावस्ती गाठली. बलरामपूरहून ती सतरा-अठरा किलोमीटर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस आणि पिवळी मोहरी. जेतवनाच्या जागेला सहेट म्हणतात आणि जुन्या नगरीच्या अवशेषांना महेट. कनिंगहॅम यांनी १८६३ मध्ये या स्थळाचा शोध लावला. अनाथपिंडिकाने जेत राजकुमाराकडून सोन्याची नाणी अंथरून विकत घेतलेले हेच वन. लाल विटांचे जोते, स्वच्छ हिरवळ, आनंदबोधी वृक्ष. तथागतांनी सर्वाधिक वर्षावास या नगरीतच केले. गंधकुटीपाशी आम्ही सर्वांनी त्रिशरण-पंचशील घेतले.

तेथेच सोबतच्या भन्तेजींनी राजा प्रसेनजिताची कथा सांगितली. कोसलचा हा राजा द्रोणभर भात खाई. एकदा तो धापा टाकीतच तथागतांपुढे आला. तथागतांनी त्याला हिणवले नाही. जेवणात मात्रा राखण्याची एक गाथा सांगितली. राजाने मागे उभ्या असलेल्या सुदर्शन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावली आणि रोज जेवताना ती म्हणण्यासाठी त्याला शंभर कार्षापण देऊ केले. राजा एकदम नव्हे, हळूहळू नाळीभर भातावर आला आणि अंग हलके झाल्यावर आनंदला.

आम्ही ऐकतच राहिलो. एवढा राजा, पण त्यालाही ताटापाशी माणूस लागले! त्याचे पोट कुणी कापले नव्हते, आमचे कापले. तरी मनाचे काम दोघांचे सारखेच. ते एकट्याने, चोरून होत नाही.

रात्री धर्मशाळेत पंगत बसली. खीर होती. गोड पोटात गेले की आम्हाला घाम फुटतो, छाती धडधडते. म्हणून ती नको म्हटले. पत्नीने लहान ताटलीत तीन चमचे डाळ आणि पनीरचा तुकडा वाढला, आपलेही ताट घेतले आणि शेजारी बसली. "खा" म्हणाली नाही, "पुरे" म्हणाली नाही. पंचवीस मिनिटे आम्ही चावत होतो, ती लेकीच्या कॉलेजचे सांगत होती. शेवटचा घास आम्ही ताटलीतच ठेवला. आईची आठवण आली, डोळे भरले. पण लाज वाटली नाही.

घरी आल्यावर डॉक्टरांना सारे सांगितले. त्यांनी समुपदेशकाकडे पाठवले; आम्ही गेलो. अन्नाची जागा दारूने घेऊ नये, हेही त्यांनी बजावले, कारण या शस्त्रक्रियेनंतर ती लवकर चढते.

बंधू-भगिनींनो, आपल्या घरात असे कुणी असेल तर आग्रह करू नका, थट्टाही नको. त्याच्या पंगतीला बसा. सुदर्शनाचे काम तेवढेच आहे, आणि त्याला कार्षापण लागत नाहीत.