दुकान रात्री दहाला बंद!

आज आपण एका बेटावर जाणार आहोत. तिथे नेणारं विमान डोडो पक्षी चालवतात. (हो, तेच डोडो. बिचाऱ्यांना कधी उडता आलं नाही!) हे बेट आहे ‘ॲनिमल क्रॉसिंग : न्यू होरायझन्स’ या व्हिडिओ गेममधलं. निंटेंडो या जपानी कंपनीने तो मार्च २०२० मध्ये आणला. इथे ना शत्रू, ना शर्यत. झाडं लावायची, मासे धरायचे, शेजारच्या प्राण्यांशी गप्पा मारायच्या, बस्स.

पण निघण्याआधी घड्याळ बघा. बऱ्याच गेममध्ये दिवस घाईघाईत उरकतो. ‘स्टारड्यू व्हॅली’ या शेतीच्या गेममध्ये सकाळी सहा ते रात्री दोन एवढा दिवस जेमतेम चौदा मिनिटांत संपतो! या बेटावर मात्र यंत्रात जी वेळ लावलेली असेल, तीच खरी. तुमच्याकडे संध्याकाळचे सहा, तर तिथेही सहा. तुम्ही खेळा नाहीतर अभ्यासाला बसा, तिथला सूर्य तुमच्यासाठी थांबत नाही.

बेटाचा नवा दिवस पहाटे पाचला सुरू होतो. दर तासाला पार्श्वसंगीत बदलतं. दुकान सकाळी आठला उघडतं आणि रात्री दहाला बंद. दहा वाजून पाच मिनिटांनी पोचलात तर दार वाजवून उपयोग नाही. बाहेर एक पेटी असते, तिच्यात विकायच्या वस्तू टाकता येतात. पण मग ८० टक्केच पैसे मिळतात, तेही दुसऱ्या दिवशी. संग्रहालय मात्र रात्रंदिवस उघडं. त्याचा प्रमुख ब्लेदर्स हा घुबड आहे, त्यामुळे दिवसा गेलात तर साहेब उभ्या उभ्या झोपलेले! रात्री मात्र टक्क जागे.

अंधार पडला की बेट पार बदलतं. घरांच्या खिडक्यांत दिवे लागतात. एखाद्या स्वच्छ रात्री तारे तुटताना दिसतात. त्यांच्याकडे बघून इच्छा मागितली, की दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर ताऱ्यांचे तुकडे सापडतात. उत्तर गोलार्धातलं बेट निवडलं असेल, तर नोव्हेंबर ते एप्रिल संध्याकाळी सातपासून पहाटे चारपर्यंत टॅरंट्युला हा मोठा कोळी फिरतो. तो चावला तर चक्कर येऊन पडाल, आणि डोळे उघडाल ते थेट आपल्या घराच्या दारात.

इथे घाई चालत नाही. आज पुलाचे पैसे भरून झाले, की पूल तयार दिसतो उद्या. रोप लावलं तर झाड व्हायला काही दिवस लागतात. कितीही बटणं दाबा.

यंत्रातलं घड्याळच पुढे केलं तर? तुमच्या मनात आलंच असेल! तेही चालतं. पण शलगम सांभाळा. हे मुळ्यासारखं कंद रविवारी दुपारी बारापर्यंतच विकत मिळतं. सोमवार ते शनिवार दुकानात त्याचा भाव रोज दोनदा बदलतो, आणि पुढच्या रविवारपर्यंत विकलं नाही तर ते सडतं. घड्याळ मागे फिरवलंत, तरीही सडतं! ही शिक्षा मला अगदी बरोबर वाटते.

पण इतकं खरं घड्याळ ठेवलं कशासाठी? या गेमची कल्पना कात्सुया एगुची यांची. निंटेंडोच्या नोकरीसाठी ते टोकियोजवळचं चिबा सोडून दूर क्योटोला आले आणि घरच्या माणसांवाचून एकटे पडले. पुढे स्वतःचा संसार झाला, तर कामावरून घरी यायला रोज उशीर. घरचे खेळायचे, तेही खेळायचे. पण एकत्र कधीच नाही. मग एकच गाव असावं आणि ज्याला जेव्हा सवड होईल तेव्हा त्याने तिथे यावं, असं त्यांच्या मनात आलं. २००१ साली जपानमध्ये पहिला गेम आला, तेव्हा घड्याळ त्याच्या कार्ट्रिजमध्येच बसवलेलं होतं.

आताच्या बेटावरही एका यंत्रावर घरातली आठ जणं राहू शकतात. समजा, बाबा साडेअकराला घरी आले. मुलगी केव्हाच झोपली आहे. बेटावरही रात्रच, दुकान बंद. बाबा समुद्रावरून चार शिंपले वेचतात, बेटावरच्या तिच्या घरासमोर ठेवतात आणि यंत्र बंद करतात. सकाळी डब्याच्या गडबडीत ती दोन मिनिटं डोकावते, तर दारात शिंपले.