हातातली पेटी

बेंगळूरच्या शिवाजीनगरात, रसेल मार्केटजवळ राहणारा एक मराठी अभ्यासक आजोबांच्या मोडी वह्या घेऊन पुण्यास निघाला. देवनहळ्ळीच्या विमानतळावर, थेट विमानाच्या दाराशी, वर जागा नसल्याचे सांगून त्याची हातातली पेटी मालकक्षात पाठविण्यात आली. लिथियमची बॅटरी तेवढी काढून घ्यावी लागली. तेथे तिने पेट घेतल्यास कोणाचा हात पोचत नाही. वह्यांविषयी कोणी विचारले नाही; रांग खोळंबेल या संकोचाने तोही बोलला नाही. २०१९ च्या प्रवासी-सनदेनुसार देशांतर्गत प्रवासात गहाळ वा खराब झालेल्या सामानाची भरपाई कमाल २०,००० रुपये. एकमेव प्रतीचे मोल तीत कसे मावावे? पेटी मिळाली, पण भिजलेली. दोन वह्यांची शाई फुटली होती. उरलेल्या वह्या परतताना दफ्तरखान्याच्या रीतीने रुमालात बांधून त्याने मांडीवर आणल्या.