लंगडी घालत वाचताना

नगर जिल्ह्यातल्या गावोगावच्या शाळांत वाचनालय लावून देण्याचं काम मी करतो. सुरुवातीची काही वर्षं ते चुकीचं लावलं. नगर शहरातलं जिल्हा वाचनालय 1838 सालचं. तिथल्या थोरामोठ्यांना शांतता हवीच असते. मी तीच उचलून शाळेत आणली. सतरंजी, काचेचं कपाट, भिंतीवर ‘शांतता राखा’. मुली यायच्या, बसायच्या. पोरं मात्र पाच मिनिटांत पसार! ‘मुलग्यांना गोडीच नाही’ असं म्हणून आम्ही मोकळे.

पुढे ध्यानात आलं, पोरं कंटाळत होती ती बसण्याला. वर्गात हाताची घडी, तोंडावर बोट, इथंही तेच.

मग एका शाळेत टायर टांगले, दोरीची शिडी बांधली. पोरं तुटून पडली, पण टायरवर. पुस्तकांवरची धूळ तशीच राहिली.

वाट सापडली ती एका सप्ताहात. आपल्या नेवाशात 1290 साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली. तिचं पारायण बसून चालतं. पण संध्याकाळी हरिपाठाला तीच पोरं टाळ घेऊन पावली खेळतात. शब्द चुकला की पाऊल चुकतं, म्हणून शब्द पाठ होतात. खेळ आणि पुस्तक शेजारी ठेवून भागत नाही. पुस्तकावाचून खेळ अडला पाहिजे.

आता पोरांना हाताशी घेऊन फरशीवर ऑइलपेंटनं जिल्ह्याचा नकाशा काढतो, चौदा तालुक्यांचा. चिठ्ठी उचलायची, त्या तालुक्यापर्यंत लंगडी घालायची आणि तिथला प्रश्न सोडवायचा. नेहरूंनी नगरच्या किल्ल्यात कैदेत असताना कोणता ग्रंथ लिहिला? झहीर खान श्रीरामपूरचा, मग रहाणे कुठला? उत्तरं भिंतीलगतच्या फळांच्या खोक्यांत, पोरांच्या कमरेच्या उंचीवर, मुखपृष्ठ समोर करून लावलेल्या पुस्तकांत. तिथंच ‘फास्टर फेणे’ आणि ‘किशोर’चे जुने अंकही असतात. नियम एकच: वाद झाला की आवाज चढवायचा नाही, पुस्तक काढायचं.

एकदा कळसूबाई उंच की हरिश्चंद्रगड, यावरून जुंपली. एका पोरानं पुस्तक ओढलं. कळसूबाई, 1646 मीटर. वाद मिटला, बाकीचे पुढे गेले. हा मात्र नकाशातल्या अकोले तालुक्यावर उभा, लंगडीचा पाय तसाच वर, पुढचं पान वाचत.

मुलींनाही लंगडी हवीच होती. त्यांनी मागितली नव्हती, एवढंच.

पुस्तकं फाटतात. खळ आणि चिकटपट्टी खोक्याशेजारीच ठेवतो. तुमच्या गावच्या शाळेत कोऱ्या करकरीत पुस्तकांचं कपाट कुलपात असेल, तर देणगी देण्याआधी त्याची किल्ली मागून घ्या.