जुना ट्रॅक्टर

रस्त्यावरच्या वाहनाचे वय किलोमीटरमध्ये सांगतात. ट्रॅक्टरचे वय तासांत. मळणी करताना ट्रॅक्टर दिवसभर एकाच जागी उभा असतो, तरी त्याचे इंजिन झिजतच असते. म्हणून त्याने किती अंतर कापले यापेक्षा तो किती तास चालला, हे महत्त्वाचे. आमच्या घरी १९७८ साली भूविकास बँकेच्या कर्जातून घेतलेला महिंद्रा बी-२७५ आहे. त्याचे तास दाखविणारे घड्याळ कधीच बंद पडले. माझे थोरले बंधू रोजचे तास भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये लिहितात आणि बेरीज अडीचशेच्या घरात गेली की इंजिन ऑइल बदलतात.

‘ट्रॅक्टर’ हा शब्द ‘ओढणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आला. महिंद्रा कंपनीने अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरशी १९६३ साली भागीदारी केली आणि हे मूळचे परदेशी मॉडेल आपल्या शेतांत आले. यंत्र परके, नावही परके. पण त्याच्या देखभालीची भाषा मात्र आपल्याकडे आधीपासूनच तयार होती. बैलगाडीच्या आसाला घालायचे ते वंगण, तोच शब्द ग्रीसला मिळाला. इंजिन ऑइल ‘खाते’, चढावर त्याला ‘धाप लागते’, डिझेलच्या नळीत बुडबुडा शिरला की ते ‘हवा धरते’. भाषाविज्ञानाच्या वर्गात मी याला अर्थविस्तार म्हणतो. शेतकऱ्याने मात्र एवढेच केले, की बैलाच्या अंगावर जे ओळखले, ते यंत्रातही शोधले.

ही भाषा केवळ शोभेची नाही. तिच्यात निदान असते. डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. हवा दाबली जाऊन इतकी तापते, की फवारलेले डिझेल आपोआप पेटते. त्यामुळे हवा, इंधन आणि दाब यांपैकी काही बिघडले, की त्याची खबर धुरातून मिळते. धूर काळा असेल तर हवा अपुरी पडते आहे किंवा भार जास्त आहे. निळसर असेल तर ऑइल जळते आहे. इंजिन तापल्यावरही पांढराच राहिला तर डिझेल न जळताच बाहेर पडते आहे किंवा आत पाणी शिरले आहे. “आधी धूर बघायचा, मग पाना उचलायचा,” असे दादा म्हणतात. इंजिनाने हवा धरली, तर फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारायचा आणि बुडबुडे थांबून डिझेलची अखंड धार आली, की स्क्रू आवळायचा. हे काम दहा मिनिटांचे. पण ते ठाऊक नसेल, तर अख्खा दिवस वाया जातो.

आणि शेतीत एक दिवस म्हणजे पुष्कळ झाले. कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीत पावसानंतर वाफसा येतो, तो मोजक्या दिवसांचा. त्याआधी औत घातले तर ढेकळे निघतात. उशीर केला तर ओल उडून जाते. ट्रॅक्टर त्याच दिवशी रुसला, तर गावात दुसरा भाड्याने मिळत नाही, कारण त्या दिवशी सर्वांचाच वाफसा असतो. म्हणून देखभालीचा खरा हंगाम उन्हाळा. एअर क्लिनरच्या वाटीत साचलेला धुळीचा गाळ काढून ताजे तेल भरायचे, रेडिएटरच्या पापुद्र्यांतला पाचोळा झाडायचा, डिझेल फिल्टरच्या तळाचे पाणी सोडून द्यायचे, प्रत्येक सांध्यात ग्रीस भरायचे. पूर्वी बेंदराच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी होई. हे काम त्याच जातीचे आहे.

गेल्या वर्षी पुतण्याने विक्रीचा विषय काढला. त्याचे म्हणणे रास्त होते. नव्या ट्रॅक्टरला ताकद अधिक, डिझेल कमी, ब्रेक भरवशाचे. जुन्या ट्रॅक्टरच्या पीटीओच्या शाफ्टवरचे झाकण केव्हाच गेले होते. मिनिटाला पाचशे चाळीस फेरे घेणाऱ्या उघड्या शाफ्टात उपरण्याचे टोक अडकले, तर माणूस वाचत नाही. दादांची बाजूही खोटी नव्हती : यंत्रावर कर्ज नाही, हप्ता नाही आणि त्याचा प्रत्येक बोल्ट ओळखीचा. अडचण तिसरीच होती. दादा सत्तरीकडे झुकले आहेत. ज्यांच्या कानांवर आमची सारी भिस्त, ते मिस्त्री त्यांच्याहून मोठे. दोघांचेही ज्ञान कोठे लिहिलेले नाही. ट्रॅक्टर राहिला आणि त्याचे बोलणे समजणारे कोणी उरले नाही, तर गोठ्यात उरेल ते नुसते लोखंड.

शेवटी वाटणी झाली ती कामाची. खोल नांगरट भाड्याच्या मोठ्या ट्रॅक्टरने करायची. कुळवणी, पेरणी आणि ट्रॉलीची ओढ जुन्याकडे. शाफ्टवर नवे झाकण बसविले. दादांनी एक अट घातली : यंदाची उन्हाळी देखभाल पुतण्याने करायची आणि त्यांनी केवळ शेजारी बसायचे. मे महिन्यात त्याने फिल्टर बदलला, हातपंप मारून हवा काढली आणि इंजिन सुरू केले. दादांनी धूर पाहिला. काही बोलले नाहीत. पुतण्याच म्हणाला, “तात्या, अजून जरा काळा टाकतोय. हवा कमी पडत्या.” त्याने पुन्हा एअर क्लिनरची वाटी उघडली.