आगीला वळण

मॉडेल रॉकेट सुटलं की सगळ्यांच्या माना वर जातात. माझा जीव मात्र त्यानंतरच्या काही सेकंदांत अडकलेला असतो. रेटा संपलेला असतो, रॉकेट उरलेल्या वेगावर चढत असतं, मागे धुराची पांढरी रेघ ओढली जात असते आणि वर पोहोचता पोहोचता त्याचा दम सरतो. त्या वेळी मोटरमधली शेवटची चिमूटभर दारू पुढच्या बाजूला उडते, नळीत दाब भरतो, टोपी निघते आणि पॅराशूट बाहेर ढकललं जातं. मोटरवर 'सी६-५' लिहिलेलं असतं त्यातला ५ हा या क्षणासाठी. ६ म्हणजे सरासरी ६ न्यूटनचा रेटा, आणि ५ म्हणजे तो संपल्यावर ५ सेकंदांची उसंत.

पॅराशूट बाहेर काढणारा हा भडकाच पॅराशूटला जाळूही शकतो. तापलेल्या वायूबरोबर पेटते कण येतात. पातळ प्लास्टिकला एखादा कण चिकटला तरी घड्या एकमेकींत वितळतात आणि छत्री उघडत नाही. त्यावर उपाय म्हणून आग न धरणाऱ्या कागदाचे बोळे मधे कोंबायची रीत आहे. ते दर उड्डाणाला नवे लागतात आणि नंतर रानभर विखुरतात. दुसरा उपाय बॅफलचा, म्हणजे वायू जाऊ देणाऱ्या पण ठिणग्या अडवणाऱ्या नळीतल्या अडथळ्याचा. तो एकदा बसवला की रॉकेटचा अवयव होऊन राहतो. मला तो आवडतो तो म्हणूनच.

आमचा बॅफल पुतण्याच्या कॉलेजातल्या रॉकेटसाठी होता. कपलरचा, म्हणजे नळीच्या आत बसणाऱ्या जोडनळीचा, एक तुकडा, ३ मिलिमीटर प्लायवुडच्या दोन चकत्या, इपॉक्सी, एक आयबोल्ट आणि केव्हलरची दोरी, एवढंच सामान. खालच्या चकतीत भोकं एका कडेला, वरच्या चकतीत विरुद्ध कडेला, आणि दोन्ही चकत्यांमध्ये नळीच्या व्यासाएवढं अंतर. पुतण्या म्हणाला, "काका, भोकं समोरासमोर पाडली तर काम लवकर होतंय की."

मी म्हटलं, "वाऱ्याला वाट द्यायची रे बाळा, ठिणगीला नाही."

वायू हलका, तो वळतो. जळता कण जड, तो सरळ जातो, चकतीवर आपटतो आणि तिथंच विझतो. इतकं साधं तत्त्व आहे हे. बेळगावच्या उद्यमबागेत ज्यांनी फाउंड्रीत काम केलंय त्यांना ते वेगळं सांगायला नको. वितळलेलं लोखंड साच्यात ओततात तेव्हा ते थेट पोकळीत सोडत नाहीत. रनरमधून वळवून, गाळणीतून नेतात. मळी वाटेत अडकते आणि स्वच्छ धातू पुढे जातो. बेळगावच्या कारागिरांनी हे शहाणपण हात भाजून घेत मिळवलंय, आणि माझ्या मते पुठ्ठ्याच्या या नळीतही तेच कामाला येतं.

भोकांचा हिशेब मात्र नीट करावा लागतो. सी६-५ मोटरची नळी १८ मिलिमीटर व्यासाची. भोकांचं एकूण क्षेत्रफळ त्या तोंडापेक्षा कमी झालं तर दाब मागे तुंबतो आणि टोपीऐवजी मोटरच मागून निसटू शकते. ६ मिलिमीटरची भोकं घेतली तर बरोबर ९ लागतात, कारण व्यास एक-तृतीयांश झाला की क्षेत्रफळ एक-नवमांश होतं. शाळेत फळ्यावर पाहिलेलं भूमितीचं हे सूत्र ड्रिलच्या भुशातून असं समोर येतं तेव्हा मन भरून येतं. सगळे पृष्ठभाग इपॉक्सीनं माखले, म्हणजे लाकूड-पुठ्ठा करपत नाही. दोरी वरच्या चकतीला बांधली. बॅफलचा आणखी एक गुण असा, की चढताना पॅराशूट मागे घसरत नाही, त्यामुळे तोल पुढच्या बाजूला राहतो आणि रॉकेट सरळ जातं. दोष सांगायचे तर वजन थोडं वाढतं आणि आत काजळी साठते. उड्डाणानंतर नळी उलटी करून ती झटकायला हवी.

उडवायची जागा निपाणीकडच्या रानात ठरली. तंबाखू निघून गेल्यावर ती रानं मोकळी होतात, सकाळी वाराही पडलेला असतो. परवानगी मागायला गेलो तर रानाचे मालक म्हणाले, "वर गेलं तर जाऊ दे की ओ. खाली कुठं येतंय ते सांगा आधी. पलीकडं गंजी हाय."

रॉकेटविषयी याहून नेमका प्रश्न मी ऐकलेला नाही. हैदर-टिपूचे लोखंडी नळ्यांचे बाण परत येण्यासाठी नव्हतेच. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर ते इंग्लंडला गेले आणि त्यांच्यावरून काँग्रीव्हनं आपले बाण घडवले, तेही जाळायलाच. आपल्या वसंत गोवारीकरांनी घन इंधनाची विद्या देशात रुजवली, १९८० साली एसएलव्ही-३ नं रोहिणी उपग्रह कक्षेत नेला, पण त्या रॉकेटचे जळालेले टप्पेही समुद्रालाच मिळाले. रॉकेटनं पुन्हा हातात यावं म्हणून झटला तो ऑर्व्हिल कार्लाइल, अमेरिकेतल्या नेब्रास्कात चपला-बुटांचं दुकान चालवणारा माणूस. १९५४ मध्ये भाऊ रॉबर्ट याच्यासह त्यानं बदलता येणाऱ्या मोटरचं, पॅराशूटनं उतरणारं छोटं रॉकेट केलं. या छंदाचा उगम तिथला. मला तो शोध अग्निबाणाच्या इतिहासातला सर्वांत माणुसकीचा वाटतो.

त्या सकाळी मोटर बसवली ती परवानाधारक प्रशिक्षकांनी. पॅराशूट उघडलं, गंजीला धक्का लागला नाही. प्लास्टिकवर काजळीचा फिकट डाग होता, भोक एकही नव्हतं.

बेळगाव-निपाणी पट्ट्यातल्या विज्ञान शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे. दिवाळीत दगडमातीचे किल्ले उभारणाऱ्या इथल्या पोरांच्या हातात कला आहे. त्यांच्याकडून बॅफल करून घ्या. दारूला त्यांनी हात लावू नये, ते काम परवाना असलेल्यांचं, आणि घरी दारू तयार करणं हा गुन्हा आहे. पण नळी, चकत्या, भोकं, हिशेब हे सगळं वर्गात होतं. तपासणीही सोपी आहे: नळी डोळ्याला लावली तर पलीकडचा उजेड सरळ दिसता कामा नये, आणि तोंडाला लावून फुंकलं तर श्वास न अडखळता पलीकडे गेला पाहिजे.