चाकं आहेत, फ्रेम हवी

१ सप्टेंबर
फ्रेमला तडा. खालच्या नळीवर, बॉटम ब्रॅकेटच्या जोडाशी. नखाला लागतो. अ‍ॅल्युमिनियम, वेल्डिंग मारून भागणार नाही. चाकं, ब्रेक, गिअर ठणठणीत.

२ सप्टेंबर
मित्राचं एकच. "डिस्कची घे की बे. रिमब्रेक संपले."
खोटं नाही. जुलै २०१८ पासून शर्यतींत डिस्कला पूर्ण मुभा. २०२२ मध्ये आलेल्या बारा गिअरच्या शिमानो १०५ मध्ये रिमब्रेकचा कॅलिपरच नाही.
पण डिस्क फ्रेमचं मागचं माप १४२ मि.मी., आस आरपार. माझं हब १३० चं. म्हणजे चाकंही नवी, ब्रेकही नवे. फ्रेम बदलायला निघालो आणि सगळी सायकलच बदलायची?

४ सप्टेंबर
पाऊस. दिवसभर.

५ सप्टेंबर
पुण्यात ट्रेक मॅडोन ७ आहे, २०१३ ची. कार्बन. फोटोवरून नजर हटत नाही. मागचा ब्रेक बॉटम ब्रॅकेटखाली, दोन बोल्टांवर. माझा कॅलिपर एका बोल्टाचा. बसणार नाही. शिवाय ती जागा! आपली काळी माती पावसात चिकटली की काडीने खरवडावी लागते. तिथं खाली ब्रेक नको.

७ सप्टेंबर
अण्णांनी त्यांची २४ इंची फ्रेमची सायकल काढायला लावली. गिरणीच्या पाळीला हिच्यावरच जायचे. "हिचीच फ्रेम घे."
मोजली. तिची २८ × १½ ची रिम ६३५ मि.मी., माझी ६२२. त्रिज्येत साडेसहाचा फरक. आणि तिचा रॉडब्रेक रिमला आतून, हबच्या बाजूनं दाबतो. माझा दोन्ही अंगांनी धरतो. अण्णांना सांगणं जड गेलं.
"बरं. तेल तरी दे तिला."
दिलं.

१० सप्टेंबर
जुनी स्पेशलाइज्ड अ‍ॅलेझ, रिमब्रेकची. कोल्हापूरला. एक बोल्ट, मागे १३०. सगळं जसंच्या तसं बसेल. पण पुन्हा अ‍ॅल्युमिनियम. मडगार्ड लावायला जागा तंग.

११ सप्टेंबर
चाचांच्या दुकानात स्टीलची टूरिंग फ्रेम. मागे १३०. बोल्टाच्या भोकापासून रिमच्या ब्रेकपट्टीपर्यंत ५५ मि.मी. माझ्या कॅलिपरची पोहोच ३९ ते ४९. गुटके टायरवर घासतील. ४७ ते ५७ वाले कॅलिपर घ्यावे लागतील. हात लांब, म्हणजे थोडे लवणार. घाटात काय?
चाचा म्हणाले, "मोडली तर इथंच जोडून देऊ."
झोप नाही.

१२ सप्टेंबर
स्टील. ठरलं. जड आहे, असू दे. जी आपल्या गावात दुरुस्त होते ती आपली.

१७ सप्टेंबर
लांब कॅलिपर आले. चाचांनी दोन्ही चाकांचा आऊट काढला. मडगार्डखाली बोट जातं. अण्णा अंगणात एक चक्कर मारून आले. काही बोलले नाहीत, घंटी लाव म्हणाले.

२० सप्टेंबर
तुळजापूर. येताना घाटात सर आली. ओल्या रिमवर पहिले फेरे नुसतं पाणी पुसण्यात जातात, मग पकड येते. वळणाच्या बऱ्याच आधीपासून दाबत आलो. लिव्हर थोडा जास्त आत जातो. पण थांबते.

२१ सप्टेंबर
गुटक्यांत वाळूचे कण. सुईने काढले. रिमवर सरळ पट्टी ठेवून पाहिली. ब्रेकची जागा किंचित खोलगट. डिस्कवाल्यांची चकती झिजते, आपली रिमच झिजते. फ्रेम टिकेल, कॅलिपर टिकतील. आधी रिम जाईल. ब्रेकपट्टीच्या रिम बाजारात आहेत तोवर एक जोडी घेऊन ठेवायची. चाक बांधायला चाचा तयार आहेत.